दीपगृहाच्या सिनेमाबद्दल तीन मतं

तोंडात ड्रिल असलं की माणूस वाद घालत नाही. मी दातांची डॉक्टर झाले ती काही यासाठी नाही, पण धंद्यात टिकले ती याचमुळे, असं आमच्या सिस्टर म्हणतात. मला सिनेमाचं वेड आहे. रविवारी दुपारचा खेळ मी चुकवत नाही, आणि सोमवारपासून जो कुणी माझ्या खुर्चीत आडवा होतो त्याला त्या सिनेमाबद्दलचं माझं मत ऐकावंच लागतं. दाढ कोरून होईपर्यंत मध्यंतर होतं, भरून होईपर्यंत शेवट. पेशंट "आं, आं" करतो. ते "हो, हो" आहे असं मी धरून चालते.

माझी मतं तिखट असतात. तो खाणकामगारांचा सिनेमा घ्या. थिएटरात टाळ्या पडत होत्या, शेजारची बाई हुंदके देत होती, आणि मी कपाळावर हात मारून बसले होते. अहो, जन्मभर कोळशाच्या धुळीत राबलेला म्हातारा, दोन वेळचं धड मिळालेलं नाही, आणि हसला की बत्तीसच्या बत्तीस दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले! गालाला काजळी फासली, तोंडात डोकावायचं मात्र कुणाला सुचलं नाही. माझा त्या सिनेमावरचा विश्वास तिथेच उडाला.

किंवा तो कोर्टाचा. खरा गुन्हेगार पिंजऱ्यात उभा राहून घसा फुटेस्तोवर ओरडतो, आणि लोक म्हणतात, काय अभिनय! कसला डोंबलाचा अभिनय? खोटं बोलणारा माणूस ओरडत नाही. तो पाणी मागतो. उलट तो जुळ्या बहिणींचा सिनेमा साफ पडला आणि मला मात्र जीव की प्राण वाटला. एक बहीण दुसरीचा स्वेटर घालून आईच्या दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि परत फिरते. संवाद नाही, संगीत नाही. लोक म्हणाले, यात काही घडतच नाही. आणखी काय घडायला हवं होतं? भूकंप?

तर एका शुक्रवारी आमचे हेडमास्तर कवळीचं माप द्यायला आले. निवृत्त होऊन जमाना झाला, पण बाकावर बसले तरी वर्गात बसल्यासारखे बसतात. बाहेरच्या खोलीत ते वर्तमानपत्राची पुरवणी मोठ्याने वाचत होते. माझा दवाखाना म्हणजे एकच खोली, मध्ये प्लायवूडचा आडोसा घातलेला. आडोसा छतापर्यंत पोचत नाही. आतलं बाहेर ऐकू जातं, बाहेरचं आत.

"वा! काय लिहितो हा माणूस!" हेडमास्तर म्हणाले, आणि पुढे वाचू लागले. "'गालाला काजळी लावली, पण म्हाताऱ्याच्या तोंडात कुणी डोकावलं नाही. एवढे पांढरे दात खाणीत उगवत नाहीत.'"

माझ्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. खुर्चीतल्या माणसाने घाबरून डोळे मिटले. मी त्याला तसाच आ वासलेला सोडून बाहेर गेले आणि हेडमास्तरांच्या हातातून पेपर ओढला. सिनेमावरचं छोटंसं सदर होतं, खाली सही 'एक प्रेक्षक'. नाव नाही, फोटो नाही. मत माझं. जवळजवळ शब्दही माझे.

"तुम्ही लिहिता हे?" मी विचारलं.

"मी?" हेडमास्तर खूश झाले. "छे हो! पण लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं."

असं म्हणणारा माणूस मला लगेच संशयास्पद वाटतो. खरं सांगायचं तर मला बहुतेक माणसं संशयास्पद वाटतात. आमच्या धंद्यात ही सवय लागतेच. रोज दोनदा दात घासतो असं सगळेच सांगतात, आणि आत बघितलं की कळतं.

पुढच्या शुक्रवारी कोर्टाचा सिनेमा. "खोटा माणूस पाणी मागतो." त्याच्या पुढच्या शुक्रवारी जुळ्या बहिणी, स्वेटर, दाराची कडी, सगळं. आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. हा 'एक प्रेक्षक' कुठल्याच सिनेमाच्या सुरुवातीबद्दल चकार शब्द लिहीत नव्हता. मीसुद्धा बोलत नाही, कारण मी सुरुवात बघतच नाही. आई थिएटरच्या तिकीटखिडकीवर कामाला होती. सिनेमा सुरू झाल्यावरही उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी बराच वेळ उघडी ठेवावी लागायची. ती बंद झाली की आई माझा हात धरून अंधारातून मागच्या रांगेत न्यायची. तेव्हापासून लागलेली सवय. आजही जाहिराती संपून गोष्ट जरा पुढे सरकल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही. आता इतक्या बारकाईने कुणी माझी नक्कल करत असेल, तर तो चोरच, दुसरं काय?

मी पेपरच्या कचेरीत फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, लेख ईमेलने येतो, नाव सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अहो, ती माझी मतं आहेत!" तो म्हणाला, "मॅडम, मतं काय कुणाच्या बापाची असतात?" आणि फोन ठेवला.

असतात हो, असतात! घर भाड्याचं, खुर्ची हप्त्यावरची, नवरा तर कधी केलाच नाही. माझं म्हणून माझ्याकडे जे काही आहे ते एवढंच. ते कुणी उचलून आपल्या नावावर खपवत असेल तर मी गप्प बसणाऱ्यातली नाही.

मग मी नजर ठेवायला लागले. बाहेरच्या खोलीत काय आहे? बाक, माशांची टाकी, जुनी मासिकं, आईची खुर्ची, चपलांचं कपाट. दर आठवड्याला येणारे पेशंट तिघेच, कारण तिघांचीही लांबलचक कामं चालू होती. एक हेडमास्तर, ज्यांना वेळच वेळ. दुसऱ्या वकीलबाई, ज्यांचं पोटच मुळी दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडण्यावर चालतं. तिसरा बेकरीवाला. हा तर मला सगळ्यात पोचलेला वाटायचा, कारण तो कधी काही बोलायचाच नाही. जो बोलत नाही तो साठवतो, असा माझा अनुभव.

मी तिघांच्याही बोटांवर शाईचे डाग शोधले. ईमेलला शाई लागत नाही हे मला सिस्टरांनी सांगितलं.

"डॉक्टर, सोडा ना," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहितंय कुणीतरी. वाचावं आणि गप्प बसावं."

"तुम्हाला काय जातंय सांगायला?"

त्या हसल्या आणि आईची नळी साफ करायला बाहेर गेल्या. आईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा आवाज काढून टाकावा लागला. आता ती गळ्यातल्या भोकात बसवलेल्या नळीतून श्वास घेते आणि त्यावर रुमाल बांधते. घरी एकटीला ठेवावं तर काही झालं तर हाक कशी मारणार? म्हणून सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात येते आणि आपल्या खुर्चीत बसून टॅबवर पत्ते खेळते. नळी साफ करायची म्हणजे नाजूक काम. मी डॉक्टर असूनही आई मला हात लावू देत नाही. माझ्या हाताला घाई आहे असं तिला वाटतं. सिस्टरांसमोर मात्र लहान मुलीसारखी मान वर करून बसते. दवाखाना उघडला त्या दिवसापासून सिस्टर माझ्याबरोबर आहेत. त्या गेल्या तर माझा अर्धा दवाखाना जाईल आणि आईचा सगळा दिवस.

सुरुवातीला आई पाटीवर लिहायची. पण मला तिच्या मनातलं लिहायच्या आधीच कळतं. तिने 'चहा' लिहिलं की मी आधण ठेवलेलंच असायचं. एकदा तिला 'चहा नको' लिहायचं होतं, पण तेवढं चालायचंच. पुढे पुढे तिला लिहायची गरजच उरली नाही आणि पाटी कपाटावर गेली.

चोर पकडायचा तर सापळा लावायला हवा. मी ठरवलं, पुढच्या सिनेमाबद्दल तिघांना तीन वेगवेगळी मतं सांगायची. पेपरात जे छापून येईल त्यावरून चोर कोण ते कळेल. इतकं साधं! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

त्या रविवारी दीपगृहाचा सिनेमा लागला होता. आई नेहमीप्रमाणे सोबत होती. आम्ही उशिरा आत शिरलो, मागच्या रांगेत बसलो. पडद्यावर समुद्र होता, दीपगृहाची राखण करणाऱ्याची बायको होती, ती नवऱ्याच्या होडीची वाट बघत रोज दिवा लावत होती. मी मनातल्या मनात मतांची वाटणी करत होते. हेडमास्तरांना कुठलं द्यावं? वकीलबाईंना कुठलं पटेल? शेवटी त्या बाईने स्वतःच्या हाताने दिवा विझवला तेव्हा आईने माझा दंड घट्ट धरला. मी म्हटलं, "हो हो, निघूया, गर्दी होईल."

सोमवारी हेडमास्तर खुर्चीत आले. त्यांच्या तोंडात मापाची पेस्ट भरली आणि सांगितलं, "सिनेमा तसा यथातथाच, पण शेवट? अप्रतिम! त्या एका शेवटासाठी बाकीचं सगळं माफ." हेडमास्तरांनी डोळे मोठे केले. मंगळवारी वकीलबाई. "बाकी सगळं छान, पण शेवट धादांत खोटा. जी बाई इतकी वाट बघते ती दिवा विझवेल? शक्यच नाही." वकीलबाईंनी हात वर केला. हरकत असावी. मी ड्रिल चालू केलं. बुधवारी बेकरीवाला. त्याला म्हटलं, "शेवटाचं मला विचारू नका. मला झोप लागली." तो नेहमीसारखाच गप्प. मी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याने तोंड आणखी मोठं उघडलं.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी मी पेपर उघडला.

"दीपगृहाच्या सिनेमाचा शेवट," 'एक प्रेक्षक' लिहीत होता, "एकाच बाईंना एकाच आठवड्यात अप्रतिम वाटला, धादांत खोटा वाटला, आणि झोपेत निसटूनही गेला. सिनेमा आवडला म्हणा, नावडला म्हणा, पण खोटं सांगू नका. अशा माणसाच्या हाती सिनेमा देऊ नये. दाढ तर मुळीच देऊ नये."

माझे कान तापले. ओळखीपाळखीतले सगळे हे वाचणार, आणि दाढेवरून सगळ्यांना कळणार! पण त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या क्षणी माझ्या डोक्यात आली. हेडमास्तरांनी एकच मत ऐकलं होतं. वकीलबाईंनी एकच. बेकरीवाल्यानेही एकच. तिन्ही मतं ऐकणारं, तिन्ही दिवस आडोशाच्या आत माझ्या शेजारी उभं राहून हातात आरसा आणि चिमटा देणारं माणूस एकच होतं.

सिस्टर आल्या, त्यांनी एप्रन चढवला, आईला पाणी दिलं. मी पेपर त्यांच्या पुढ्यात आपटला.

"कुंपणच शेत खातंय, आणि मी आपली बाहेर चोर शोधतेय!"

त्यांनी वाचलं. वाचता वाचता त्यांना हसू आलं, आणि त्या हसल्या म्हणून माझा उरलासुरला तोल गेला.

"हसता काय? माझ्या शेजारी उभं राहून माझं बोलणं ऐकायचं आणि बाहेर विकायचं? इतक्या वर्षांचं हे फळ?"

"डॉक्टर, मी सिनेमाच बघत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मला अंधारात झोप येते. तुम्हाला माहीत आहे."

"बघायची गरजच काय? मी सांगतेच की सगळं! तिन्ही मतं तुमच्याशिवाय कुणी ऐकली?"

मग काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आडोशाच्या बाहेर एकदा पाहिलं, आणि मिटलं. आता कळतं, त्यांच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. पण बोलल्या ते एवढंच:

"तुम्ही मला चोर म्हणालात?"

"म्हणाले."

"मग झालं." त्यांनी एप्रनची गाठ सोडली. एप्रन नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला. "आईंची नळी दुपारी साफ करायची आहे. कोमट पाण्याने. घाई करू नका, त्यांना दुखतं."

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण रागाच्या भरात माणूस वाईट वाटलेलंही रागातच घालतो. मी पाठ फिरवून उगाच ट्रेमधले चिमटे मांडत बसले.

तेवढ्यात घंटी वाजली. पेशंटने आल्याची वर्दी द्यावी म्हणून टेबलावर ठेवलेली पितळी घंटी. एकदा वाजली, मग वाजतच राहिली. मी बाहेर डोकावले. आई खुर्चीतून उठून दारात उभी होती, सिस्टरांच्या वाटेत. एका हाताने घंटीवर थापा मारत होती, दुसऱ्या हातात टॅब. धाप लागून गळ्यावरचा रुमाल वरखाली होत होता. एवढ्या रागात मी तिला कधी पाहिली नव्हती. आवाज असतानासुद्धा नाही.

"आई, काय झालं? पाणी हवं? बसतेस का?"

तिने टॅब माझ्या नाकासमोर धरला. पत्ते नव्हते. पेपरच्या कचेरीला पाठवलेले लेख होते, एकाखाली एक. खाण. कोर्ट. जुळ्या बहिणी. दीपगृह.

मी खाली बाकावर बसले.

"तू?" मी म्हटलं. "अगं, तू? मला सांगायचं तरी! म्हणजे तुला कंटाळा आला म्हणून तू माझी मतं घेतलीस, असंच ना? मी रागावेन म्हणून सांगितलं नाहीस, हो ना? अगं, मी कशाला..."

आई टॅबवर लिहायला लागली होती. मी बोलायला लागल्यावर तिचं बोट थांबलं. तिने टॅब खाली केला, आणि कपाटावर धूळ खात पडलेल्या पाटीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"थांबा, आई," सिस्टर म्हणाल्या.

त्या आत गेल्या, ट्रेमधून दोन कापसाच्या गुंडाळ्या घेऊन आल्या, आणि मला काही कळायच्या आत माझा जबडा धरून एक या गालात आणि एक त्या गालात बसवली. इतक्या वर्षांचा सराव. मला जीभसुद्धा हलवता येईना.

"आता लिहा," त्या आईला म्हणाल्या. "सावकाश."

आई बसली. सावकाश लिहू लागली. मधे थांबली, काहीतरी खोडलं, पुन्हा लिहिलं. मला किती वेळा वाटलं, पुढचा शब्द मला ठाऊक आहे. तोंडात कापूस होता, म्हणून गप्प बसले. शेवटी तिने टॅब माझ्याकडे फिरवला. एकही शब्द मला ठाऊक नव्हता.

"ती मतं माझीच आहेत. खोटा माणूस पाणी मागतो, हे मी तुला तिकीटखिडकीत शिकवलं होतं, तू तिसरीत होतीस. दातांचं तेवढं तुझं. ते घेतलं. विचारायला हवं होतं. घरी येताना तू बोलतेस आणि घर येतं. पेपरवाला मी पूर्ण लिहीपर्यंत थांबतो. सिस्टरांची माफी माग."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाकातही आलं. मी सिस्टरांकडे वळून हात जोडले आणि कापसातून जे काही म्हटलं ते "आं, आं" असंच ऐकू आलं. त्यांनी ते "हो, हो" असं धरून घेतलं की नाही, कोण जाणे. पण त्यांनी घडी घातलेला एप्रन उचलला, झटकला, आणि पुन्हा बांधला.

"आपलेच दात, आपलेच ओठ," त्या म्हणाल्या. "सांगायचं कुणाला?"

मी कापूस काढायला हात वर नेला. आईने माझं मनगट धरलं. तिचं अजून संपलं नव्हतं. तिने पुन्हा लिहिलं, या वेळी थोडंसंच.

"दीपगृहाचा शेवट. तीन जणांना तीन सांगितलेस. तुझं खरं मत कुठलं?"

आता तिने स्वतः माझ्या गालातल्या गुंडाळ्या काढल्या, आणि बोल, असं हनुवटी वर करून सांगितलं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि काही सुचेना. अप्रतिम? खोटा? त्या बाईने दिवा कुठल्या हाताने विझवला तेही मला आठवत नव्हतं. आईने दंड घट्ट धरलेला तेवढा आठवत होता.

"मी बघितलाच नाही गं," मी म्हटलं. "चोर शोधत होते. पुन्हा बघावा लागेल."

आईने मान हलवली. मग टॅब मांडीवर घेऊन एकच शब्द लिहिला आणि मला वाचायला दिला.

"सुरुवातीपासून."